पोथी आणि कीटक : शाई, लाख व कसर यांचा विचार

१. हस्तलिखितांच्या संग्राहकापुढें कीटकाचें नांव काढलें कीं त्यास कसर व वाळवी या दोघींचीच आठवण होते. जीं दप्तरें परचक्रांतून, आगींतून व भाऊबंदकींतून वांचलीं, तीं एका पावसाळ्यांत मातीस मिळविण्याचें सामर्थ्य या क्षुद्र जीवांत आहे, हें कोणास नव्यानें सांगावयास नको. परंतु या हिशेबाची जमेची बाजू सहसा कोणी मांडीत नाहीं. अक्षरें पाण्यानें पुसूं नयेत म्हणून शाईंत घातलेला रस एका किड्याचा; लखोटा बंद करणारी लाख त्याच किड्याची; यूरोपांतील असंख्य जुन्या लेखांची काळी शाई एका माशीनें झाडावर उठविलेल्या गांठीची; आणि लांकडापासून कागद होऊं शकेल ही कल्पना दुसऱ्या एका माशीच्या घरट्यावरून सुचलेली. लेखनविद्येचा संसार निम्माअधिक कीटकांनीं उभारून दिला, आणि तो खाऊन टाकण्याचें कामही त्यांच्याच भाऊबंदांनीं चालविलें आहे.

हा विषय केवळ मौजेचा नाहीं. काजळाची शाई व हिराकसाची शाई या दोन्ही नव्या असतां सारख्याच काळ्या दिसतात. पण पहिली कागदास शतकानुशतकें अपाय करीत नाहीं, आणि दुसरी त्यास आंतून जाळीत जाते. पहिलीपैकीं कांहीं प्रकार पाण्याच्या एका थेंबानें वाहून जातात. दुसरीस पाणी लागलें तर अक्षरें शाबूत दिसतात, पण विष पानभर पसरतें. हातीं आलेला कागद कोणत्या शाईचा आहे हें न ओळखतां त्यावर केलेला उपचार वाळवीच्या तोंडचा घास ठरतो. म्हणून या कीटकांचा व त्यांपासून माणसानें साधलेल्या युक्तींचा परिचय संग्राहकास असणें अगत्याचें आहे.

२. लाखेचा किडा नुसत्या डोळ्यांस जेमतेम दिसेल एवढा असतो. अंड्यांतून निघालेलीं तांबूस पिल्लें पळस, बोर, कोशिंब, पिंपळ अशा झाडांच्या कोंवळ्या डहाळ्यांवर झुंडीनें पसरतात, सालींत सोंड खुपसतात आणि तेथेंच ठाण मांडतात. मादी एकदां बसली कीं मरेपर्यंत ती जागा सोडीत नाहीं. तिचे पायही नाहींसे होतात. झाडाचा रस पिऊन ती अंगांतून राळेसारखा द्रव सोडते, तो वाऱ्यानें घट्ट होतो, आणि शेजारशेजारच्या किड्यांचीं कवचें एकमेकांस मिळून डहाळीवर जाड पुट चढतें. तें खरवडून काढलें म्हणजे कच्ची लाख. अर्थात् लाख हा झाडाचा डिंक नव्हे. तें किड्यानें स्वतःभोंवतीं बांधलेलें घर होय.

या घराची ओळख आपल्या लोकांस फार जुनी आहे. अथर्ववेदाच्या पांचव्या कांडांत लाक्षेस उद्देशून एक सूक्त असून त्यांत तिचा जखम बरी करणारी म्हणून गौरव केला आहे. महाभारतांतील लाक्षागृहाची कथा सर्वश्रुतच आहे. लाख चटकन् पेट घेते हा अनुभव त्या कथेच्या मुळाशीं आहे. मराठींतील ‘लखोटा’ या शब्दाचें लाखेशीं नातें उघड दिसतें. लाखेच्या अभ्यासासाठीं रांचीजवळ नामकूम येथें १९२४ सालीं स्वतंत्र संशोधनसंस्था निघाली, यावरून या किड्याचें व्यापारी महत्त्व ध्यानांत येईल. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ग्रामोफोनच्या तबकड्या ज्या मिश्रणाच्या होत, त्यांत इतर द्रव्यांस बांधून ठेवणारा घटक लाख हाच असे. म्हणजे बालगंधर्वांचे जुने सूर आपणांस ज्या तबकड्यांवरून ऐकूं आले, त्याही एका परीनें या किड्याच्या घरावर कोरलेल्या होत्या.

लाखेपासून दोन द्रव्यें मिळतात. पाण्यांत धुतली असतां निघणारा तांबडा रंग हें एक, व मागें राहणारी राळ हें दुसरें. या रंगाचा अळता पायांस लागला तसा कागदासही लागला. पोथ्यांतील तांबडीं अक्षरें, दंड व पुष्पिका बहुधा हिंगुळानें काढलेल्या असतात. हिंगूळ हें पाऱ्याचें खनिज आहे. पण सर्वच तांबडें हिंगूळ नव्हे. हिंगूळ अपारदर्शक असून अक्षरास किंचित् जाडी आणतो, आणि कित्येकदां उजेडानें काळवंडतो. लाखेचा रंग पातळ व पारदर्शक असून उजेडानें फिका पडतो. पोथी उघडी मांडून ठेवणारांनीं हा भेद ध्यानांत ठेवावा.

३. आतां काळ्या शाईकडे वळूं. आपल्याकडील जुन्या शाईचा प्राण काजळ होय. तिळाच्या तेलाच्या दिव्यावर धरलेलें काजळ म्हणजे शुद्ध कोळशाची अतिसूक्ष्म पूड. तिच्यावर हवेचा, उजेडाचा किंवा आम्लाचा कांहीं परिणाम होत नाहीं. म्हणूनच कित्येक शतकांपूर्वींच्या पोथ्या कालच लिहिल्यासारख्या काळ्याभोर दिसतात. परंतु कोळसा कागदास आपण होऊन चिकटत नाहीं. त्यास बांधणारें द्रव्य लागतें. बाभळीचा डिंक घातला तर शाई सुरेख उतरते, पण डिंक पाण्यांत विरघळतो, आणि ओल लागतांच अक्षर पुसतें. दररोजच्या जमाखर्चास अशी कच्ची शाई चाले. ग्रंथास चालत नसे.

येथें लाखेच्या किड्यानें माणसाची अडचण भागविली. गौरीशंकर हीराचंद ओझा यांनीं आपल्या ‘भारतीय प्राचीन लिपिमाला’ या ग्रंथांत पक्क्या शाईची जी कृति दिली आहे, तिचा सारांश असा : पिंपळावरील लाख कुटून मातीच्या भांड्यांत पाण्याबरोबर चुलीवर ठेवावी, तींत टांकणखार व लोध्र यांची पूड टाकावी, कागदावर गडद तांबडी रेघ उठूं लागली म्हणजे तें पाणी गाळून घ्यावें, नंतर तिळाच्या तेलाचें काजळ बारीक वस्त्राच्या पुरचुंडींत बांधून, अक्षर सुंदर काळें येईपर्यंत त्या पाण्यांत फिरवावें.

या कृतींतील मर्म टांकणखारांत आहे. लाख साध्या पाण्यांत विरघळत नाहीं, पण क्षाराच्या पाण्यांत विरघळते. बोरूनें लिहितांना ती पाण्यासारखी वाहते. वाळली म्हणजे पुन्हां आपल्या मूळ स्वभावावर येऊन पाण्यास बरीच दाद देईनाशी होते. टांकणखारावांचून लाख निरुपयोगी, आणि लाखेवांचून काजळ अल्पायुषी. रसायनशास्त्राचीं पुस्तकें निघण्याच्या कितीतरी आधीं लेखनिकांनीं हा योग अनुभवानें साधला होता.

४. यूरोप व पश्चिम आशिया येथील लेखकांनीं निराळी वाट धरली, आणि तिच्याही आरंभीं कीटकच उभा आहे. आपल्याकडे गांध्याच्या दुकानीं मायफळ या नांवानें जी वाटोळी, कठीण, तुरट गांठ मिळते तिला फळ म्हणत असले तरी तें फळ नव्हे. इराण, सिरिया व आशियामायनर या प्रदेशांत ओक जातीचें एक झुडूप होतें. एक बारीकशी माशी त्याच्या कोंवळ्या अंकुरांत अंडें घालते. आंत अळी वाढूं लागली कीं झाड तिच्याभोंवतीं गांठ उठवितें. अळीस घर व अन्न दोन्ही मिळतात. झाडास कांहींच मिळत नाहीं. पूर्ण वाढ झाल्यावर माशी गांठीस भोंक पाडून बाहेर पडते. व्यापारी लोक भोंक नसलेलीं, जड व निळसर मायफळें उत्तम समजत, आणि भोंक पडलेलीं, हलकीं व पांढरट मायफळें कमी मोलाचीं मानीत. त्यांची ही परीक्षा यथार्थ होती. कारण तुरट द्रव्याचा अंश पहिल्या प्रकारांत अधिक असतो. उत्तम मायफळांत हा अंश निम्म्याहूनही जास्त भरतो.

असाच प्रकार आपल्या काकडशिंगीचा आहे. वैद्यांच्या खोकल्यावरील औषधांत येणारी ही शिंगाच्या आकाराची वस्तु म्हणजे हिमालयांतील एका झाडाच्या पानांवर माव्यासारख्या बारीक किड्यांनीं उठविलेल्या पोकळ गांठी होत. नांव शिंगाचें, रूप शेंगेचें, आणि कर्तृत्व किड्याचें!

५. मायफळाच्या काढ्यांत हिराकस, म्हणजे लोखंड व गंधकाम्ल यांचा क्षार, घातला असतां जी शाई होते ती लिहितेवेळीं फिकी असते. कागदावर गेल्यावर तिला हवा लागते, तींतील लोहाचें रूप पालटतें, व अक्षर हळूहळू काळें होतें. काजळाप्रमाणें ती कागदाच्या पृष्ठावर बसत नाहीं, तंतूंत शिरते. धुऊन ती जात नाहीं, आणि खरवडली तर खूण राहते. सरकारी लेख, करारमदार व धर्मग्रंथ यांस हा गुण फार उपयोगी पडला. बायबलाची चौथ्या शतकांतील सिनाई येथील प्रसिद्ध प्रत अशाच शाईची आहे. विसाव्या शतकापर्यंत यूरोपचा बहुतेक महत्त्वाचा पत्रव्यवहार या शाईनें चालला.

पण याच गुणांत दोष दडलेला आहे. शाईंत हिराकस मापापेक्षां अधिक पडला तर मोकळें राहिलेलें लोह कागदाच्या तंतूंचें हवेशीं रसायन घडवून आणतें, व गंधकाम्ल तेच तंतु तोडतें. प्रथम अक्षराभोंवतीं तपकिरी वलय येतें. मग पाठीमागून अक्षर दिसूं लागतें. पुढें जेथें शाईची रेघ जाड, तेथें कागद तडकतो. आणि शेवटीं अक्षराच्या जागीं अक्षराच्याच आकाराचें भोंक राहतें. ओलसर हवेंत ही क्रिया वेगानें होते. सुरेल संगीतकार बाख याच्या हातच्या कित्येक स्वरलिपींचीं पानें बर्लिन येथील ग्रंथालयांत याच रोगानें जर्जर झालीं होतीं. या संकटाचा विचार करण्यासाठीं व्हॅटिकन ग्रंथालयाचे प्रमुख फ्रांझ एर्ले यांच्या प्रेरणेनें १८९८ सालीं स्वित्झर्लंडमधील सेंट गालेन येथें ग्रंथपालांची एक परिषद भरली होती.

हा प्रश्न परदेशाचाच आहे असें समजण्याचें कारण नाहीं. गोव्याच्या पुराभिलेखाची स्थापना १५९५ सालीं झाली. तेथील पोर्तुगीज दप्तरें व मुंबईकडील इंग्रज वखारींचे जुने कागद यूरोपीय रीतीच्या लेखनाचे आहेत, आणि मराठ्यांच्या इतिहासाचीं कितीतरी साधनें त्यांतच आहेत. कोंकणपट्टीची दमट हवा आणि हिराकसाची शाई यांचा संयोग म्हणजे कागदास दुहेरी मार. ज्या पत्रांत मराठ्यांच्या मोहिमांची बातमी परक्यांनीं टिपून ठेवली, त्या पत्रांचा वैरी त्यांच्या अक्षरांतच बसलेला आहे.

६. तथापि लोहाची शाई सर्वस्वीं परदेशी म्हणणेंही बरोबर होणार नाहीं. हिरडा व आंवळा यांतही तेंच तुरट द्रव्य विपुल असून, लोखंडाच्या योगानें त्यांचा काळा रंग होतो हें आपल्या लोकांस ठाऊक होतें. यासंबंधीं भांडारकर प्राच्यविद्या संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनीं एक मार्मिक गोष्ट पुढें आणली. ‘नावनीतक’ या वैद्यकग्रंथांत केस काळे करण्याचे जे प्रयोग सांगितले आहेत, त्यांचें पुढील काळांतील शाईच्या कृतींशीं निकट साम्य आहे. हा ग्रंथ ज्या भूर्जपत्रांवर आढळला तीं १८९० सालीं मध्य आशियांतील कुचा येथें बॉवर या लष्करी अधिकाऱ्याच्या हातीं आलीं, आणि तीं चौथ्या ते सहाव्या शतकांच्या दरम्यानचीं मानलीं जातात. केसांचा कलप आणि लेखनाची शाई या दोघी एकाच घरच्या बहिणी आहेत हें कोणाच्या सहज मनांत येणार नाहीं. परंतु दोहोंचें काम एकच : पांढऱ्यावर टिकाऊ काळें चढविणें.

यावरून संशोधकास एक सावधगिरीची सूचना मिळते. एखाद्या देशी कागदाच्या शाईंत लोह सांपडलें एवढ्यावरून तो कागद अर्वाचीन किंवा बनावट ठरत नाहीं. उलट, जांभळ्या कृत्रिम रंगाच्या शाईची गोष्ट निराळी. डांबरापासून होणारा पहिला जांभळा रंग पर्किन या इंग्रज रसायनज्ञानें १८५६ सालीं शोधून काढला. अशा रंगाच्या शाईनें लिहिलेला कागद पेशवाईंतील म्हणून कोणी पुढें केला, तर त्याचा निकाल मजकूर वाचण्यापूर्वींच लागतो.

७. शाईनंतर कागद. गांधीलमाशी वाळक्या लांकडाचे तंतु कुरतडते, लाळेंत मळते, आणि त्यांचे पातळ पापुद्रे पसरून घरटें बांधते. हे पापुद्रे म्हणजे हुबेहूब कागद. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ रेओमूर यानें १७१९ सालीं पॅरिसच्या विज्ञानपरिषदेपुढें हें निवेदन केलें, व चिंध्यांवांचून केवळ लांकडापासून कागद करण्याची विद्या ही माशी आपणांस शिकवीत आहे असें सुचविलें. त्या काळीं यूरोपांत कागद चिंध्यांचा होई आणि चिंध्यांचा तुटवडा पडूं लागला होता. रेओमूरनें स्वतः मात्र कागद केला नाहीं. पुढें १७६५ पासून शेफर या जर्मन पाद्र्यानें गांधीलमाशीच्या घरट्यांसह नाना वनस्पतींचे नमुन्याचे कागद करून ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. आणि लांकूड दगडावर घांसून लगदा करण्याची युक्ति सॅक्सनींतील केलर यानें १८४० नंतरच्या दशकांत सिद्धीस नेली.

माणसानें माशीची युक्ति घेतली, पण तिला आपली भर घातली. यंत्राच्या कागदास शाई फुटूं नये म्हणून त्यांत राळ व तुरटी घालीत. तुरटीमुळें कागदांत आम्ल राहतें, आणि लांकडांतील न काढलेलीं द्रव्यें हवा व उजेड यांनीं पिंवळीं पडतात. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील छापील मासिकें हातांत तुटतात, आणि त्यांहून जुना जुन्नरी किंवा दौलताबादी कागद घडी घातली तरी मोडत नाहीं. कागदी लोक ताग, जुने दोर व चिंध्या कुटून कागद करीत, त्यास खळ लावीत आणि गुळगुळीत दगडानें घोटीत. असा घोटीव कागद काजळाच्या शाईस उत्तम जागा देई. त्याचा दोष एकच : खळ कसरीस फार आवडते.

८. आतां वैऱ्यांची ओळख करून घेऊं. कसर हा रुपेरी खवल्यांचा, पंख नसलेला किडा आहे. रॉबर्ट हूक यानें १६६५ सालीं सूक्ष्मदर्शकाच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत याचें मोठें चित्र देऊन त्यास ग्रंथकीटक म्हटलें आहे. इतर कीटक वयांत आल्यावर कात टाकीत नाहींत. कसर जन्मभर टाकते. ती कित्येक वर्षें जगते व कित्येक महिने उपाशी राहूं शकते. ती पृष्ठभाग कुरतडते, आरपार भोंक पाडीत नाहीं. नीट वाटोळीं भोंकें व आंतील नागमोडी बोगदे हें काम बारीक भुंगेऱ्यांच्या अळ्यांचें होय. त्यांतील एक जात तर हिंदुस्थानच्या नांवानेंच शास्त्रांत ओळखली जाते.

वाळवीचा प्रकार सर्वांत विलक्षण. कांहीं जातींच्या वाळवीस लांकूड स्वतः पचवितां येत नाहीं. तिच्या पोटांतील सूक्ष्म जीव तें पचवून देतात. हे जीव मारले तर वाळवी लांकूड खात असतांही उपाशी मरते, हें क्लीव्हलँड या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९२० नंतरच्या कांहीं वर्षांत प्रयोगानें दाखविलें. आपल्याकडे वारूळ करणारी वाळवी तर शेती करते. चावलेल्या लांकडाचे व कागदाचे गड्डे करून ती त्यांवर बुरशी वाढविते आणि तीच खाते. पावसाळ्यांत वारुळावर उगवणारी, गोव्यांत रोयण-अळमी म्हणून आवडीनें खाल्ली जाणारी अळंबी ही याच शेतीचें पीक होय. दप्तराचा रुमाल वाळवीनें नेला म्हणजे तो तिच्या पोटांत जाण्यापूर्वीं तिच्या शेतांत जातो.

अळीच्या भोंकासही साधनाची किंमत आहे. विस्कळित पोथीचीं पानें मागेंपुढें झालीं असतील तर एकाखालीं एक येणारीं भोंकें जुळवून त्यांचा मूळ क्रम लावतां येतो. भोंक अक्षर तोडून गेलें असेल तर लेखन आधींचें. अक्षर भोंकास वळसा घालून गेलें असेल, किंवा शाई भोंकाच्या कडेंत उतरली असेल, तर लेखन मागाहूनचें, आणि कागद मात्र जुना. बनावट सनदा पारखतांना ही कसोटी विसरूं नये. ब्लेअर हेजेस या अमेरिकन जीवशास्त्रज्ञानें तर २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या लेखांत, लांकडी ठशांवरून छापलेल्या जुन्या यूरोपीय चित्रांतील पांढरे ठिपके मोजून, त्या ठशांत भोंकें पाडणाऱ्या भुंगेऱ्यांच्या दोन जाती कोणत्या शतकांत कोणत्या प्रदेशांत होत्या हें ठरविलें. उत्तरेकडील भोंकें सुमारें दीड मिलिमीटरचीं, दक्षिणेकडील सव्वादोनचीं. ज्यास आपण नुकसान म्हणतों, तोच त्याचा लेखागार झाला.

९. या वैऱ्यांविरुद्ध माणसानें केलेल्या युक्तींत हरताळ अग्रगण्य आहे. हरताळ हें सोमल व गंधक यांचें पिंवळें खनिज. नेपाळकडे त्याचा लेप दिलेले कागद प्रसिद्ध आहेत. चुकलेल्या अक्षरावर हरताळाचें बोट फिरवून त्यावर दुरुस्त अक्षर लिहीत. ‘हरताळ फासणें’ हा आपला वाक्प्रचार लेखनिकाच्या या कामांतून आला आहे. आज तो बोलणाऱ्या शंभरांतील एकानेंही हरताळ लावलेलें पान पाहिलें असेल कीं नाहीं याची शंका आहे. हरताळ कीटकास मारतो तसा तो माणसासही घातक आहे. बोटास थुंकी लावून पोथीचें पान उलटण्याची संवय ज्यांस असेल त्यांनीं ती सोडावी.

दप्तरांत वेखंडाचे तुकडे ठेवण्याची चाल निव्वळ समजूत नव्हे. वेखंडाच्या तेलांतील द्रव्य कीटकांस दूर ठेवतें व कित्येकांस वांझ करतें. मात्र त्याचा वास उडाला कीं गुणही गेला. तुकडे वरचेवर बदलले पाहिजेत. घट्ट बासनाचाही उपयोग खरा आहे. आपले लेखनिक पोथीच्या अखेरीस पाणी, तेल व सैल बांधणी यांपासून तिला जपण्याविषयीं विनवीत, त्यांत बांधणीस दिलेलें स्थान योग्यच आहे. पत्रें दाबून बांधलीं कीं आंत हवा, ओल व कीटक यांस वाव राहत नाहीं. फारसी व अरबी हस्तलिखितांच्या आरंभीं ‘या कबीकज’ असे शब्द आढळतात. कबीकज हें मूळचें एका विषारी फुलझाडाचें नांव. पुढें तो कीटकांचा अधिपति समजला जाऊन त्याच्या नांवाची दुहाई पुस्तकावर लिहूं लागले. औषधाचें रूपांतर मंत्रांत कसें होतें याचें हें उत्तम उदाहरण आहे. असे शब्द दिसल्यास संग्राहकांनीं ते ग्रंथाचें नांव समजूं नये.

निसर्गानेंही कांहीं पहारेकरी दिले आहेत. पुस्तकांत नांगी नसलेला विंचवासारखा एक बारीक प्राणी सांपडतो, अशी नोंद ॲरिस्टॉटलनें केली आहे. हा पुस्तकविंचू कागद खात नाहीं. कागदांतील उवांसारख्या बारीक किड्यांस खातो, आणि माशीच्या पायास धरून एका जागेहून दुसरीकडे जातो. तो दिसल्यास मारूं नये. पोर्तुगालमधील कोइंब्रा विद्यापीठाच्या अठराव्या शतकांतील ग्रंथालयांत वटवाघळांची वस्ती आहे. तीं रात्रीं किडे टिपतात. त्यांच्या विष्ठेनें मेजें खराब होऊं नयेत म्हणून संध्याकाळीं त्यांवर चामड्याचीं आच्छादनें घालण्याचा प्रघात आहे.

१०. राहतां राहिली शाईची परीक्षा. भिंगाखालीं पाहिलें असतां काजळाची शाई कागदावर बसलेली, सर्वत्र सारखी काळी, व कांहीं ठिकाणीं टवका उडालेली दिसते. लोहाची शाई तंतूंत मुरलेली, जाड रेघेंत काळी व पातळ रेघेंत तपकिरी, कडेस वलय असलेली दिसते. संशय राहिल्यास अवरक्त किरणांत घेतलेलें छायाचित्र पाहावें. १००० नॅनोमीटरच्या पुढील किरणांत लोहाची शाई फिकी होत जाऊन जवळजवळ नाहींशी होते. काजळाची शाई जशीच्या तशी राहते. कागदांतील मोकळें लोह ओळखण्यासाठीं रासायनिक द्रव्य लावलेल्या पट्ट्या निघाल्या आहेत. त्यांवर गुलाबी डाग उठतो. त्यांचा प्रयोग जाणत्याच्याच हातून करवावा.

लोहाच्या शाईचा रोग थांबविण्याचा जो उपचार नीव्हेल या डच संशोधकानें १९९५ च्या सुमारास पुढें आणला, त्याचें मुख्य द्रव्य धान्याच्या कोंड्यांत सांपडतें. बीं जें द्रव्य पुढील रोपट्यासाठीं सांठवून ठेवतें, तेंच कागदांतील मोकळ्या लोहास जखडून टाकतें. एका माशीच्या गांठीनें आरंभलेला नाश धान्याच्या टरफलानें आवरावा, ही योजना कोणा पुराणकाराच्या कल्पनेसही शोभली असती. हा उपचार तज्ज्ञाच्या प्रयोगशाळेंतलाच आहे. संग्राहकानें स्वतः करावयाचें तें एवढेंच : अशा कागदास पाणी लावूं नये, चिकटपट्टी लावूं नये, दमट जागीं ठेवूं नये, आणि झिजलेल्या अक्षरावरून घडी घालूं नये.

११. येथवर सांगितलेल्या गोष्टींतून एकच सूचना निष्पन्न होते. आपल्या सूचींत ग्रंथनाम, कर्ता, लेखनकाल, पत्रें, ओळी व लिपि यांचे रकाने असतात. शाईचा रकाना बहुधा नसतो. तो घालावा. ‘काजळाची’, ‘लोहाची’, ‘संशयित’ एवढे तीन शब्द त्यांत पुरेत. कीटकांचीं भोंकें आहेत कीं नाहींत, व तीं अक्षर तोडून गेलीं आहेत कीं नाहींत, हेंही त्याच ओळींत नमूद करावें. या कामास पांडित्य लागत नाहीं; एक भिंग आणि थोडा दिवसाचा उजेड पुरे आहे. पोथी कोणी लिहिली हें पुष्पिका सांगते. ती पुढील शतक पाहील कीं नाहीं हें तिची शाई सांगते. ज्यांच्या संग्रहांत यूरोपीय शाईचे कागद असतील त्यांनीं तरी हें काम येत्या पावसाळ्यापूर्वीं हातीं घ्यावें.